विकतचें इमान

पैसा टाकून जें तयार मिळतें त्याची यादी दर पिढीला लांबत चालली आहे. आमच्या आजीच्या काळीं घरच्या जात्यावर पडणारें पीठ आमच्या आईच्या काळीं गिरणीवरून येऊं लागलें; आमच्या मुलींच्या काळीं तें भिजवून, आंबवून, पिशवींत भरलेलें येतें. मसाले, लोणचीं, कपडे, फार काय, लग्नांतील रुखवतसुद्धां आतां तयार मिळतें. यांत दुःख मानण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. जात्यावरच्या ओव्यांची गोडी वर्णन करणारांपैकीं बहुतेकांनीं जात्याचा खुंटा कधीं हातीं धरलेला नसतो. शिवाय तयार मिळण्याची ही हौस वस्तूंपुरतीच आहे असेंहि नाहीं. वरसंशोधनाच्या जाहिरातींत वधू 'गृहकृत्यदक्ष' हवी आणि वर 'सुस्थापित' हवा, ही मागणी कित्येक पिढ्या चालत आली आहे. म्हणजे ज्या माणसाबरोबर संसार शिकावयाचा तें माणूसहि संसार शिकूनच यावें, अशी आपली अपेक्षा असते. या यादींत अलीकडे एक नवें नांव आलें आहे, आणि त्याविषयीं येथें थोडा विचार करण्याचा आमचा मानस आहे. तें नांव म्हणजे धंदेवाईक शिक्षकानें शिकवून तयार केलेलें कुत्र्याचें पिलूं.

युरोप-अमेरिकेंत हा व्यवसाय चांगला रुजला आहे. उत्तम जातीचें पिलूं निवडावयाचें, कांहीं आठवडे किंवा कांहीं महिने शिक्षकानें तें आपल्याजवळ ठेवावयाचें, घरांत घाण न करणें, हांक मारतांच येणें, सांगितल्यावर बसणें, पट्टा न ओढतां चालणें, पाहुण्यांच्या अंगावर न उडणें, मुलांच्या दंग्याला न बिचकणें इतके धडे त्याला द्यावयाचे, आणि मग साध्या पिलाच्या अनेकपट किंमतीला, पुष्कळदां हजारों डॉलरांना, तें एखाद्या कुटुंबास विकावयाचें, अशी ही रीत आहे. आपल्या पुण्या-मुंबईंत शिक्षक बहुधा घरीं येतो, किंवा घेतलेलें पिलूं कांहीं आठवडे त्याच्याकडे राहावयास पाठवितात; परंतु दोहोंमागील इच्छा एकच. प्रश्न असा कीं, ज्या प्राण्याला आपण राखणीसाठीं किंवा शिकारीसाठीं न आणतां केवळ घरचा सोबती म्हणून आणतों, त्याचें शिक्षण दुसऱ्याच्या हातून पुरें करवून मग त्याला घरांत घ्यावें, हें योग्य कीं अयोग्य? प्रश्न कुत्र्याचा आहे म्हणून क्षुल्लक वाटेल. पण प्रेमाच्या नात्यांतील कोणता भाग दुसऱ्यावर सोंपवितां येतो आणि कोणता येत नाहीं, हा जो प्रश्न याच्या पोटांत आहे तो क्षुल्लक नाहीं.

प्रथम या पद्धतीच्या बाजूनें जें बोलतां येईल तें प्रामाणिकपणें मांडूं. दोन महिन्यांच्या पिलाला लघवी आवरून धरण्याची शक्तिच फारशी नसते. त्याला दर तासा-दोन तासांनीं बाहेर न्यावें लागतें, रात्रींहि उठावें लागतें. ज्या घरांत नवरा-बायको दोघेंहि नोकरीस जातात, मुलें शाळेंत असतात, आणि घर चौथ्या मजल्यावर असतें, तेथें अडाणी पिलूं आणणें म्हणजे त्याचेहि हाल आणि माणसांचेहि हाल. दुसरें असें कीं, हौसेनें आणलेलीं कुत्रीं पुढें घराबाहेर काढलीं जातात तीं पुष्कळदां अंगावर उडणें, चावरेपणा, सामानाची नासधूस अशा बेशिस्तीपायींच. ही बेशिस्त आधींच नाहींशी झाली, तर पुढचा त्यागाचा अपराधहि टळतो. तिसरा मुद्दा तज्ज्ञांचा. आपण मुलांना शाळेंत घालतों, आजाऱ्याला डॉक्टरकडे नेतों. मग पिलूं शिक्षकाकडे सोंपविण्यांतच कमीपणा कसला? हौशी मालकानें रागाच्या भरांत दिलेल्या धड्यांपेक्षां शांत व जाणत्या माणसाचे धडे पिलालाहि सुखाचेच असतात. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. ज्यांना ते पोकळ वाटत असतील त्यांनीं एक पावसाळाभर पिलूं सांभाळून पाहावें.

मग अडचण कोठें आहे? आमच्या मतें ती येथें आहे कीं, शिकविलेलें पिलूं घेणारा मनुष्य दोन निराळ्या वस्तूंची किंमत एकाच पावतीवर दिली असें समजतो. त्यांतील एक वस्तु संवय, आणि दुसरी इमान. संवय दुसऱ्यानें लावतां येते, यांत शंका नाहीं. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं ज्याला नोबेल पारितोषिक मिळालें त्या रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हनें कुत्र्यांवर प्रयोग करूनच असें दाखविलें कीं, अन्नाच्या आधीं नेमानें एखादी खूण दिली, तर कांहीं काळानें नुसत्या खुणेनेंच त्यांच्या तोंडाला पाणी सुटतें. अशा रीतीनें लागलेली संवय एका हातांतून दुसऱ्या हातांत, निदान कांहीं अंशीं, देतां येते. इमानाची गोष्ट वेगळी आहे. संवय खुणेशीं बांधलेली असते, इमान माणसाशीं. 'बस' हा शब्द कोणींहि उच्चारला तरी तो तोच शब्द. पण ज्याच्या पावलांच्या आवाजानें कुत्रें झोपेंतून उठून दाराशीं जातें, तो मनुष्य एकच असतो, आणि त्याची जागा पावती दाखवून दुसऱ्याला घेतां येत नाहीं.

याचा उत्तम दाखला अंधांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांच्या इतिहासांत मिळतो. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं १९१६ सालीं जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथें अशा कुत्र्यांची शाळा निघाली. पुढें डोरोथी युस्टिस नांवाच्या एका अमेरिकन बाईनें, जी त्या वेळीं स्वित्झर्लंडमध्यें राहून कुत्रीं तयार करीत असे, जर्मनींतील या कार्याविषयीं १९२७ सालीं एका अमेरिकन साप्ताहिकांत लेख लिहिला. नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला त्या लेखाची माहिती मिळाली, त्यानें तिला पत्र पाठविलें, आणि १९२८ सालीं तो स्वित्झर्लंडला जाऊन 'बडी' नांवाची कुत्री बरोबर घेऊन परतला. त्यांतूनच १९२९ सालीं अमेरिकेंत 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, कुत्री शिकलेली असतांहि ती आगबोटीनें नुसती धाडून दिली नाहीं. आंधळ्या तरुणाला समुद्र ओलांडून तिच्याकडे जावें लागलें, आणि तेथें तिच्याबरोबर स्वतः शिकावें लागलें. आजहि अशा संस्थांत हाच क्रम आहे. पिलूं प्रथम वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ एखाद्या स्वयंसेवक कुटुंबांत वाढतें. मग तें तज्ज्ञ शिक्षकाकडे येतें. आणि शेवटीं ज्या अंध व्यक्तीला तें द्यावयाचें ती व्यक्ति कांहीं आठवडे त्याच्याबरोबर धडे घेते. ज्या कुत्र्याच्या शिक्षणावर मनुष्याचा प्राण अवलंबून असतो, त्याच्या बाबतींतसुद्धां ही शेवटची पायरी कोणी गाळीत नाहीं.

प्राणिशास्त्राचा पुरावाहि याच दिशेचा आहे. स्कॉट व फुलर या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मेन संस्थानांतील बार हार्बर येथें कुत्र्यांच्या पिढ्यान् पिढ्या वाढवून त्यांचा अभ्यास केला, व १९६५ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. पिलाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो कीं, त्या वेळीं जे प्राणी व जीं माणसें त्याच्या सहवासांत येतात त्यांना तें आपलीं मानावयास शिकतें, हें त्यांनीं दाखविलें. शिकवून विकावयाच्या पिलाचा हा काळ बहुतांशीं शिक्षकाच्या अंगणांत जातो. सुदैवानें कुत्र्याचें मन त्यानंतर बंद होत नाहीं. मोठ्या वयाचीं कुत्रींहि नव्या घराला जीव लावतात. तथापि त्यासाठीं घराला पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो, आणि तयार पिलूं घेणाऱ्याला नेमकें हेंच टाळावयाचें असतें.

पुढें आणखी एक वळण येतें. इंग्लंडमधील संशोधकांनीं अंधांच्या सेवेसाठीं वाढत असलेल्या कुत्र्यांची परीक्षा घेऊन २०२० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, पांच महिन्यांचीं असतांना जीं पिलें पालनकर्त्याचें ऐकत, तींच आठ महिन्यांचीं झाल्यावर त्याची आज्ञा मोडूं लागतात. मात्र परक्या माणसाचें ऐकण्यांत तशी घट होत नाहीं. ज्यांच्या घरांत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे त्यांना या शोधाचें फारसें नवल वाटणार नाहीं. आज्ञाभंग होतो तो घरच्यांचा, आणि तो घरच्यांनींच निस्तरावा लागतो. चार महिन्यांचें शहाणें पिलूं आणणाऱ्या कुटुंबाला आठव्या महिन्यांत जें कुत्रें भेटतें त्याचे धडे कोणत्याहि पावतींत समाविष्ट नसतात.

तेव्हां शिक्षणाची खरी उणीव कोठें असते हें पाहूं. पिलूं शिकून आलें. पण ज्या घरांत तें आलें त्या घरानें कोणता धडा घेतला? सकाळीं आई सांगते, 'कोचावर चढावयाचें नाहीं'. दुपारीं धाकटा मुलगा त्याला कोचावर घेऊन बसतो. वडील म्हणतात, जेवतांना त्याला कांहीं देऊं नका. आजोबा ताटाखालून पोळीचा तुकडा सरकवितात, आणि वर 'मुक्या जिवाला काय समजतें' असेंहि म्हणतात. मुक्या जिवाला सर्व समजतें. या घरांत चार माणसें व पांच कायदे आहेत हें त्याला आठ दिवसांत कळतें. शिवाय एका ठिकाणीं शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणींहि लागू आहे हें कुत्र्याला आपोआप उमगत नाहीं. शिक्षकाच्या अंगणांत हांकेसरशीं येणारें पिलूं आपल्या गल्लींत कानाडोळा करतें, यांत त्याचा कांहीं दोष नसतो. 'कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडेंच' ही म्हण आपण सहज वापरतों. शिकविलेल्या कुत्र्याचें शेंपूट चार महिन्यांत वांकडें झालेलें दिसलें, तर नळी कोणी काढली हा प्रश्न विचारावयास हरकत नसावी.

आतां या व्यवहाराच्या दुसऱ्या अंगाकडे वळूं. तयार वस्तु घेणारा ती कशी तयार झाली हें पाहत नाहीं. पिठाच्या बाबतींत फार तर खडा निघेल. पिलाच्या बाबतींत प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण भीतीनें स्तब्ध बसलेलें कुत्रें आणि विश्वासानें स्तब्ध बसलेलें कुत्रें, हीं अनभ्यस्त डोळ्याला सारखींच दिसतात. दोघेंहि सांगितल्यावर बसतात. दोघांचीहि विक्री होते. घेणाऱ्याला हवी असते शांतता, आणि ती खाऊ देऊन आणली कीं दुखवून आणली, हें किंमतीच्या आंकड्यावरून कळत नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाचा यज्ञ चालला असतां तिचें पिलूं तेथें गेलें, आणि राजाच्या भावांनीं त्याला मारलें. पिलूं रडत आईकडे आलें. आपण हविर्द्रव्याला तोंड लावलें नाहीं, त्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं, असें त्यानें सांगितलें. सरमेनें यज्ञमंडपांत येऊन विचारलें कीं, माझ्या निरपराध मुलाला कां मारलें? राजाच्या मंडळीला उत्तर देतां आलें नाहीं, आणि तिचा शाप त्यांना घ्यावा लागला. आजच्या घेणाऱ्यानें तो प्रश्न आधींच स्वतःला विचारून ठेवावा. शिक्षकाच्या घरीं जावें, धडे चालले असतां पाहावे, शक्य तर पिलाची आई पाहावी. कायद्यानेंहि या दिशेनें कांहीं पावलें टाकलीं आहेत. आपल्या देशांत २०१७ सालच्या नियमांनीं पैदास करणारांना नोंदणी सक्तीची केली, व आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास मनाई केली. इंग्लंडमध्यें २०२० सालापासून सहा महिन्यांच्या आंतील पिलूं ज्याच्याकडे जन्मलें त्याच्याकडूनच, किंवा अनाथ जनावरांच्या आश्रयगृहांतून घ्यावें लागतें. दुसऱ्याकडून पिलें आणून त्या वयांत तीं विकण्याचा धंदा तेथें बंद झाला. परंतु कायदा दारापर्यंत जातो. आंत काय चालतें हें पाहण्याची जबाबदारी ज्याच्या पैशावर धंदा चालतो त्याच्याकडे उरतेच.

आणि आतां मुलांविषयीं. 'कुत्रें कशाला आणतां?' असें विचारलें तर बहुतेक आईबाप उत्तर देतात कीं, मुलांना प्राण्यांची माया लागावी, आपल्यावर कोणी अवलंबून आहे ही जाणीव व्हावी. हा हेतु फार चांगला आहे. पण ज्या त्रासांतून ती जाणीव व्हावयाची तो सर्व त्रास पैसे देऊन आधींच काढून टाकला, तर मुलानें शिकावयाचें कशावर? दहा वर्षांच्या मुलीनें रात्रीं उठून, पेंगुळलेल्या डोळ्यांनीं, पिलाला जिना उतरून खालीं नेलें, आणि सकाळीं फरशी कोरडी दिसली म्हणून तिला आनंद झाला, तर त्या आनंदांत जबाबदारीचा जो अंश असतो तो कोणत्याहि पुस्तकांत सांपडणार नाहीं. ती दहादां हांक मारते आणि पिलूं येत नाहीं. अकराव्या वेळीं येतें. दोघांनींहि त्या वेळीं कांहींतरी मिळविलेलें असतें. शाळेचा दृष्टान्त येथें लंगडा पडतो. आपण मुलाला शाळेंत घालतों तेव्हां तें रोज संध्याकाळीं घरीं परत येतें, अभ्यास घेऊन येतें, गुरुजींवर रागावून येतें, आणि घरच्यांना त्याच्या शिक्षणांत भाग घ्यावाच लागतो. पंचविसाव्या वर्षीं पदवी घेतलेला मुलगा बाजारांतून आणून त्याला आपला म्हणण्याची सोय अद्याप कोणी काढलेली नाहीं, आणि काढली तरी तिचा लाभ आईबाप घेतील असें वाटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, इमान हा तर कुत्र्याचा स्वभावच आहे. तें कोठेंहि गेलें तरी इमानी राहील. मग एवढी चिंता कशाला? या बोलण्यांत आपण इमानाचें सगळें ओझें एकाच बाजूला ठेवतों. महाप्रस्थानिक पर्वांतील युधिष्ठिराच्या मागून एक कुत्रा हस्तिनापुराहून निघाला. तो विकत घेतलेला नव्हता, शिकविलेला नव्हता, त्याची जात कोणी विचारली नव्हती. वाटेंत द्रौपदी पडली, भाऊ पडले. कुत्रा चालत राहिला. त्याचें इमान तेव्हांच सिद्ध झालें होतें. इंद्राचा रथ आला तेव्हां कसोटी लागली ती युधिष्ठिराच्या इमानाला. स्वर्गांत कुत्र्याला जागा नाहीं असें ऐकतांच, आपल्या आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्यानें नाकारला, आणि तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता हें नंतर उघड झालें. कुत्रें इमानी असतें कीं नाहीं याविषयीं महाभारतकारांना शंका नव्हती. त्यांनीं प्रश्न माणसाला विचारला आहे. तो प्रश्न शिकविलेल्या पिलाच्या मालकालाहि आहे, आणि किंमत जास्त दिली म्हणून तो सोपा होत नाहीं.

तर मग असें पिलूं घेऊं नये काय? एकटीं राहणारीं वृद्ध माणसें, अपंग, आजारी, ज्यांना पिलामागें धांवतां येत नाहीं, त्यांनीं तें अवश्य घ्यावें. त्यांच्या बाबतींत तज्ज्ञाचे श्रम म्हणजे शुद्ध उपकार आहेत. ज्या धडधाकट कुटुंबाला वेळ थोडा आहे पण इच्छा खरी आहे, त्यानेंहि शिक्षकाची मदत घेण्यास हरकत नाहीं; मात्र पिलाला शिकविणाऱ्या शिक्षकापेक्षां घराला शिकविणारा शिक्षक त्यानें शोधावा, आणि धड्यांच्या वेळीं आजोबांसकट सर्वांनीं हजर राहावें. आणि ज्या कुटुंबाला पिलूं हवें पण पिलाचा कोणताहि त्रास नको, त्यानें कितीहि शहाणें पिलूं मिळत असलें तरी तूर्त थांबावें. १९७८ सालीं इंग्लंडमधील एका श्वानरक्षक संस्थेनें, कुत्रें नाताळापुरतें नसून जन्मभराचें असतें, अशा अर्थाची घोषणा लोकांपुढें ठेवली, कारण सणाची भेट म्हणून आणलेलीं पिलें सणानंतर नकोशीं होत. ती अजून लोकांना आठवते, आणि अजून सांगावीहि लागते.

जन्मभर म्हणजे किती, याचा हिशेब घेणाऱ्यानें एकदां करावा. शिक्षकाकडील काळ कांहीं आठवड्यांचा, फार तर कांहीं महिन्यांचा. कुत्र्याचें आयुष्य बहुधा दहा ते तेरा वर्षांचें. त्या आयुष्याच्या अखेरीस असे दिवस येतात कीं, कुत्र्याला ऐकूं येईनासें होतें, आणि हांक मारली तरी तें येत नाहीं. मागचे पाय लटपटतात, आणि बस म्हटलें तरी बसवत नाहीं. लघवी आवरत नाहीं, आणि ज्या फरशीवर त्यानें बारा वर्षांत एकदांहि घाण केली नाहीं तीच फरशी रोज पुसावी लागते. एवढी किंमत देऊन घेतलेले सर्व धडे त्या वेळीं एकामागून एक परत जातात, आणि घरांत उरतें तें एक म्हातारें कुत्रें, जें आतां कांहीं एक करून दाखवूं शकत नाहीं. त्या दिवशीं फरशी पुसावयास जो उठतो, कुरकुरतां कां होईना पण उठतो, तो त्या कुत्र्याचा खरा धनी. आणि असा मनुष्य घरांत आहे कीं नाहीं, हें पिलूं आणण्यापूर्वीं ठरवावयाचें असतें.